रोजच्या कामातला वेळ आणि वैताग कमी कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगवेगळ्या कार्यालयांत बसायचं, तिथली कामं कशी होतात ते पाहायचं आणि त्यांच्या पद्धती सुरळीत करायला मदत करायची, हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. जिथे जाते तिथे साधारण हेच प्रश्न समोर येतात. माझं एक मत सगळ्या उत्तरांत डोकावेल, म्हणून ते आधीच सांगते. बहुतेक ठिकाणी माणसं संथ नसतात, काम पडून राहतं. त्यामुळे माणसांना पळवून फारसं हाती लागत नाही. काम कुठे पडून आहे आणि कशासाठी, हे शोधलं तर लागतं.

सुरुवात कुठून करायची? सगळंच बिघडलेलं वाटतं.

वैतागापासून करा. एक छोटी वही घ्या आणि पाच दिवस जवळ ठेवा. ज्या ज्या वेळी तोंडातून किंवा मनातून "अरे, पुन्हा तेच!" निघेल, त्या वेळी एक ओळ लिहा: किती वाजले, काय करत होतात, कशाने अडलात. कारणमीमांसा नको, उपाय तर अजिबात नको. "११.२०, पत्त्यांची नवी यादी कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे विचारायला तिसरा फोन." "३.०५, अर्जावर खाते क्रमांक नाही, परत पाठवला." "४.४०, सहीसाठी थांबलेय." एवढंच.

पाचव्या दिवशी वही वाचली की तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. काम तिथून सुरू करायचं. वाचताना एक पथ्य पाळा. ओळीत माणसाचं नाव आलं असेल तर त्याच्यामागची परिस्थिती शोधून लिहा. "तो उशीर करतो" हे वाक्य तुम्हाला कुठेच नेत नाही. "त्याच्याकडे यादी तीनला पोचते आणि पाचच्या आत त्याला ती तपासून द्यायची असते" हे वाक्य नेतं.

एखाद्या कामाला खरोखर किती वेळ लागतो हे कसं मोजायचं?

त्या कामाच्या मागे मागे फिरा. लोकांना विचारू नका, कारण प्रत्येक जण आपल्या टेबलावर लागणारा वेळ सांगतो आणि तो खराच असतो. दोन टेबलांच्या मधला वेळ कोणाचाच नसतो, म्हणून तो कोणी सांगत नाही.

एका कार्यालयात प्रवासखर्चाची बिलं मंजूर व्हायला फार दिवस लागतात अशी ओरड होती. मी एका बिलाच्या फाईलवर कोरा कागद टाचला. वर तीन रकाने आखले: फाईल कधी आली, हातात कधी घेतली, पुढे कधी गेली. ज्याच्याकडे फाईल जाईल त्याने वेळ टाकायची, बाकी काही नाही. अकराव्या दिवशी फाईल परत आली. सगळ्यांनी मिळून कागद टेबलावर पसरला आणि बेरीज केली. प्रत्यक्ष हातात घेऊन केलेलं काम पस्तीस मिनिटं. उरलेले दिवस फाईल नुसती बसून होती. तीन दिवस एका ट्रेमध्ये, कारण तो ट्रे दाराच्या मागे होता आणि तिथे कोणाचं लक्ष जात नसे. दोन दिवस एका झेरॉक्ससाठी अडली होती, आणि ती झेरॉक्स फाईलमध्येच, सर्वांत मागे लावलेली होती. साहेब दौऱ्यावर असल्यामुळे आणखी तीन दिवस.

तो कागद पाहून खोलीतला सूरच बदलला. तोपर्यंत लेखा विभाग आणि आस्थापना विभाग एकमेकांकडे बोट दाखवत होते. आता सगळे दाराकडे बघत होते. ट्रे त्याच दुपारी हलवला. झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानामागे लावायची असं ठरलं. साहेब बाहेर असतील तेव्हा सही कोणी करायची याचा आदेश निघायला मात्र महिना गेला.

ही युक्ती माझी नव्हे. काम टप्प्याटप्प्याने कागदावर उतरवण्याचा असा तक्ता कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला होता. पुढे त्यासाठी पाच खुणा रूढ झाल्या: क्रिया, तपासणी, ने-आण, खोळंबा आणि साठवण. तुमच्या कुठल्याही कामाचे टप्पे लिहून त्यांच्यापुढे या पाचांपैकी एकेक शब्द लावून बघा. "क्रिया" किती कमी वेळा येते ते पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

आमच्याकडे कोणीच रिकामं बसलेलं नाही. मग कामं तुंबतात कशी?

कोणीच रिकामं नाही म्हणूनच तुंबतात. हे पटायला जड जातं, म्हणून आकडे सांगते. कामं अवेळी येत असतील, एखाद्या कामाला पाच मिनिटं तर एखाद्याला तासभर लागत असेल आणि ती हाताळणारा माणूस एकच असेल, तर त्याचा दिवस जितका भरलेला तितकी रांग लांबते. पण ती सरळ रेषेत लांबत नाही. रांगांच्या गणितातलं सर्वांत साधं सूत्र असं सांगतं की त्याचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर नव्या कामाला आपली पाळी येईपर्यंत सरासरी चार कामांइतका वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ कामांइतका आणि ९५ टक्क्यांना एकोणीस कामांइतका. म्हणजे एका कामाला सरासरी अर्धा तास लागत असेल, तर ८० टक्क्यांवर दोन तासांची वाट आणि ९५ टक्क्यांवर साडेनऊ तासांची. माणूस तोच, वेग तोच.

ज्याच्याकडून सगळ्यांची कामं जातात अशा माणसाचा दिवस शंभर टक्के भरून ठेवणं ही काटकसर नव्हे. त्याच्याकडे थोडी सवड असेल तरच बाकीच्यांचा खोळंबा टळतो. वेळापत्रक लावणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट मनावर घेतली तरी पुष्कळ फरक पडेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा आकडा याहून सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे: हातात असलेल्या कामांची संख्या म्हणजे कामं पूर्ण होण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा एकूण काळ, सगळं सरासरीने. तुमच्याकडे ३० प्रकरणं उघडी आहेत आणि रोज सहा निकाली निघतात, तर एकेका प्रकरणाला सरासरी पाच दिवस लागणारच. घाई केली तरी लागणार, आरडाओरडा केला तरी लागणार. उघडी प्रकरणं १२ वर आणा, काळ दोन दिवसांवर येतो. म्हणून नवं काम उघडण्याआधी हातातलं संपवायचं. टोयोटाच्या कारखान्यांत ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीच्या मुळाशी हेच आहे: पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने पुढे ढकलायचं नाही. आजकाल भिंतीवर चिकटवतात त्या "करायचं, चालू, झालं" अशा रकान्यांच्या फळ्यावर "चालू" या रकान्यात जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या ठेवायच्या तो आकडा लिहिलेला नसेल, तर तो फळा नुसती शोभा आहे.

दहा गोष्टी सुधारण्यासारख्या दिसतात. आधी कोणती?

ज्या ठिकाणी काम सर्वांत जास्त साचतं ती. बाकी कुठेही वेग वाढवला तरी तिथला ढीग तेवढा उंच होईल.

साचणारी जागा स्पष्ट दिसत नसेल तर साधा गुणाकार करा. दिवसातून वीस वेळा होणाऱ्या कामातली तीन मिनिटं वाचली तर रोजचा तास वाचतो. वर्षातून एकदा होणाऱ्या कामातले दोन दिवस वाचवायला महिनाभर खपण्यापेक्षा हे बरं. तरीही कधी कधी मी हा गुणाकार बाजूला ठेवते. एखादी गोष्ट वेळ फार खात नाही, पण माणसांचा जीव खाते: दर वेळी अडकणारं कपाट, दिवसातून तीनदा बंद पडणारी स्क्रीन, तीच माहिती तीन रजिस्टरांत उतरवणं. ती आधी काढा. लोकांचा विश्वास बसतो आणि पुढची अवघड कामं त्या विश्वासावरच होतात.

त्याच त्याच चुका होतात. माणसांना समज द्यायची की पद्धत बदलायची?

पद्धत. समज देऊन झालेली असतेच, तरी चूक होते, म्हणून तर हा प्रश्न येतो.

१९६१ सालची एक हकिकत मला फार मोलाची वाटते. जपानमधल्या एका कारखान्यात एक छोटं बटण जुळवायचं काम चालायचं. त्यात दोन बारीक स्प्रिंगा बसवाव्या लागत. कधीतरी एखादी स्प्रिंग राहून जायची आणि माल गिऱ्हाइकाकडून परत यायचा. कामगारांना पुन्हा पुन्हा बजावलं जाई, काही दिवस नीट चाले, मग पुन्हा तेच. कारखान्यांच्या कामपद्धती सुधारणारे जपानी अभियंते शिगेओ शिंगो तिथे गेले आणि त्यांनी एक छोटी ताटली आणायला लावली. डब्यातून आधी दोन स्प्रिंगा काढून ताटलीत ठेवायच्या, मग जुळवायला घ्यायचं. बटण तयार झालं आणि ताटलीत स्प्रिंग उरली, तर राहिली हे तिथल्या तिथे दिसतं. विसरणं थांबलं नाही, पण विसरलेलं बाहेर जाणं थांबलं. या विचाराला जपानी भाषेत "पोका-योके" म्हणतात.

त्याआधी कित्येक वर्षं साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला होता. पहारा देणारा माणूस लागत नसे आणि वाया जाणारं कापडही वाचे.

तुमच्या टेबलावरची ताटली कुठली असेल? ऑनलाइन अर्जात खाते क्रमांक भरल्याशिवाय "पुढे" हे बटण चालूच न होणं. तारीख हाताने लिहायला न लावता दिनदर्शिकेतून निवडायला लावणं. पाठवायच्या पाकिटांवर आधी पत्त्यांच्या चिठ्ठ्या मोजून लावणं, म्हणजे शेवटी एखादं पाकीट रिकामं उरलं तर कोणाचं पत्र राहिलं ते कळतं.

आणि एक बेरीज, खरं तर गुणाकार, ध्यानात ठेवा. दहा टप्पे असलेल्या कामात प्रत्येक टप्पा ९५ टक्के वेळा बरोबर होत असेल, तर पूर्ण काम एकाही चुकीशिवाय पार पडण्याची शक्यता साधारण ६० टक्केच उरते. प्रत्येक जण चांगलं काम करत असूनही दहातली चार कामं कुठेतरी परत फिरतात. इथे दोष द्यायला माणूस शोधू नका. टप्पे कमी करा.

चेकलिस्टचा खरंच उपयोग होतो का? आम्हाला ती पोरकट वाटते.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं. चालवणारे वैमानिक अतिशय अनुभवी होते. जमिनीवर असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या पंखांना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची यादी तयार केली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनलं. चेकलिस्ट नवशिक्यांसाठी असते हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ज्याला काम पाठ आहे त्याचाच हात आपोआप चालतो आणि मधली एखादी गोष्ट सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. पण २०१४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात अशी यादी सक्तीने लागू केल्यावर लक्षणीय फरक आढळला नाही. मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. माझ्या अनुभवात वरून आदेश म्हणून आलेल्या यादीवर खुणा पडतात, पण ती वाचली जात नाही.

म्हणून यादी जे काम करतात त्यांनाच लिहू द्या. एका पानाच्या आत ठेवा. प्रत्येक पायरी लिहायची नाही, जी सुटते आणि सुटली तर महागात पडते तीच लिहायची. ती कुठे थांबून वाचायची तेही ठरवा: "पाठवा" दाबण्याआधी, कुलूप लावण्याआधी, पाळी बदलताना. महिनाभरात एकदाही उपयोगी न पडलेली ओळ काढून टाका.

सह्या आणि मंजुऱ्या कमी करता येतात का?

येतात, पण हात घालताना जपून. प्रत्येक सहीमागे कधीतरी घडलेला एखादा प्रसंग असतो, तो आधी विचारा. मग त्या सहीबद्दल एकच प्रश्न करा: गेल्या वर्षभरात या टप्प्यावर किती कागद थांबवले किंवा दुरुस्त केले गेले? उत्तर "एकही नाही" असेल, तर ती सही तपासणी राहिलेली नाही, नुसती पोच झालेली आहे. तिला "माहितीसाठी प्रत" करून टाका. सही करणाऱ्याला कळत राहतं आणि काम अडत नाही.

एकामागून एक लागणाऱ्या सह्या एकाच वेळी मागता येतात का तेही पाहा. चार जणांनी चार स्वतंत्र गोष्टी तपासायच्या असतील, तर चौघांना एकाच दिवशी प्रत द्यायला काय हरकत आहे? आणि ठरावीक मर्यादेखालच्या गोष्टी ज्याच्या टेबलावर येतात त्यालाच मंजूर करू द्या. महिन्याच्या शेवटी त्यातल्या काही सहज म्हणून तपासा.

दिवसभर पाठपुराव्याचेच फोन आणि मेसेज. यातून सुटका कशी?

"ते झालं का?" हा मेसेज पाहा. कुठलं "ते"? कधीपर्यंत हवंय? नाही झालं तर काय अडतंय? समोरचा माणूस विचारतो "कुठलं?", तुम्ही तासाभराने बघता, तोवर तो जेवायला गेलेला असतो. दोन ओळींच्या कामाला अख्खा दिवस.

तोच मेसेज असा लिहिता येतो: "जूनच्या हजेरीपत्रकात १४ तारखेची तुमच्या विभागाची नोंद रिकामी आहे. उद्या दुपारी बारापर्यंत आकडा कळवाल का? त्यानंतर पगारपत्रक बंद होतं. आकडा आला नाही तर १३ तारखेचाच धरेन आणि पुढच्या महिन्यात दुरुस्त करेन." यात सगळं आलं: काय, कुठे, कधीपर्यंत, का, आणि उत्तर नाही आलं तर काय होईल. शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. त्याने काम तुमच्या हातात राहतं आणि समोरच्यावरचं दडपणही उतरतं.

पाठपुरावा करणारे फोन बहुधा एकाच कारणाने येतात: आपलं काम कुठवर आलंय ते लोकांना दिसत नाही. स्थिती कळेल अशी जागा करून द्या. सगळ्यांना उघडता येणारा एक तक्ता असेल तरी पुरतो. काम घेतानाच "गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवते" असं सांगा आणि गुरुवारी, काम झालेलं नसलं तरी, कळवा. फोन कमी होतात, कारण लोकांना बहुतेक वेळा कामापेक्षा खात्री हवी असते.

मीटिंग कमी कशा करायच्या?

ज्या मीटिंगमधून निर्णय निघत नाही ती लेखी करा. ज्यातून निघतो ती ठेवा, आणि निर्णय कोणी, काय, कधीपर्यंत करायचा हे उठण्याआधी सगळ्यांसमोर लिहा.

सारखे व्यत्यय येतात. एकाग्र कसं व्हायचं?

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे खालावतं. म्हणजे "दोनच मिनिटं" म्हणून आलेल्या माणसाची किंमत दोन मिनिटं नसते.

पण सगळ्यांना हाकलून दार लावून बसणं हा उपाय मला पटत नाही. तुमच्याकडे येणारा माणूसही कशाने तरी अडलेला असतो. आठवडाभर कोण काय विचारायला आलं ते टिपा. निम्मे प्रश्न तेच तेच निघतील. त्यांची उत्तरं एका पानावर लिहून सगळ्यांना मिळतील अशी ठेवा. उरलेल्यांसाठी दिवसातल्या दोन वेळा ठरवा आणि त्या वेळी खरोखरच मोकळं राहा. लोक आनंदाने थांबतात, पण कधीपर्यंत थांबायचं हे माहीत असेल तर. आणि मध्येच उठावंच लागलं तर उठण्याआधी एक ओळ लिहा: "आता रकाना पाच तपासत होते, पुढे बेरीज." परत बसल्यावर ती ओळ हात धरून जागेवर आणून सोडते.

कामं गठ्ठ्याने करावीत की आली तशी एकेक?

हे तयारीला किती वेळ लागतो त्यावर अवलंबून आहे. एखादं काम सुरू करायलाच वीस मिनिटं लागत असतील (लॉगिन, कागद काढणं, यंत्र लावणं), तर माणूस साहजिकच गठ्ठा साठवतो. गठ्ठा साठला की सर्वांत आधी आलेल्याला सर्वांत जास्त थांबावं लागतं, आणि एकच चूक गठ्ठाभर पसरते.

खरी चावी तयारीचा वेळ कमी करण्यात आहे. १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात पत्रा दाबून घडवणाऱ्या हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. शिंगो आणि तिथल्या लोकांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. यंत्र पळवून नाही. साचा बदलण्यातल्या कोणत्या गोष्टी यंत्र बंद असतानाच कराव्या लागतात आणि कोणत्या ते चालू असताना आधीच करून ठेवता येतात, याची त्यांनी काटेकोर विभागणी केली. नवा साचा, बोल्ट, पाने, सगळं यंत्र थांबायच्या आधी शेजारी आणून ठेवलेलं.

कार्यालयातही हेच चालतं. महिन्याचा अहवाल करायला दोन दिवस लागतात असं एका लेखापाल बाईंनी मला सांगितलं. आम्ही दोघी बसून पाहिलं, तर दीड दिवस आकडे गोळा करण्यात, जुन्या फाईलमधून तक्ता उचलून त्यातले मागचे आकडे पुसण्यात आणि मथळे नीट करण्यात जात होता. महिना संपायची वाट त्यातल्या कशालाच पाहायला नको होती. त्यांनी २५ तारखेलाच रिकामा तक्ता तयार ठेवायला सुरुवात केली आणि विभागांकडून येणारे आकडे एकाच नमुन्यात मागवले. १ तारखेला दुपारी अहवाल निघू लागला.

एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सगळं सुटेल का?

आधी वगळा, मग सोपं करा, मग यंत्राकडे द्या. हा क्रम उलटला की नको असलेलं काम कायमचं पक्कं होऊन बसतं. तीन रजिस्टरांऐवजी तीन स्क्रीन येतात, आणि आता एखादा रकाना काढायलाही पुरवठादाराला विनंती करावी लागते.

जे आधीपासून हाताशी आहे ते बहुधा पुरेसं वापरलेलं नसतं. ईमेलमधले तयार मजकूर, स्प्रेडशीटमधली निवडयादी, फाईलच्या नावाची ठरलेली रीत. "अहवाल फायनल नवीन २" असं नाव ठेवण्यापेक्षा "२०२५-०६-३० हजेरी अहवाल" असं ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि "यातली खरी कुठली?" हा फोन बंद होतो.

सहकारी बदलाला तयार नाहीत. काय करावं?

त्यांचं ऐका. "आम्ही हे आधी करून पाहिलंय" असं म्हणणाऱ्याला त्या वेळी ते का फसलं हे माहीत असतं, आणि ती माहिती तुम्हाला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. मग दोन आठवड्यांचा प्रयोग ठरवा. जमलं नाही तर जुन्या पद्धतीवर परत जायचं हे लेखी कबूल करा आणि वेळ आली तर खरंच परत जा.

गिलब्रेथ यांची आणखी एक आठवण इथे सांगावीशी वाटते. फ्रँक गिलब्रेथ स्वतः गवंडीकाम शिकलेले होते. एक वीट लावायला गवंड्याच्या १८ हालचाली होतात हे त्यांनी मोजलं आणि त्या पाचापर्यंत खाली आणल्या. त्यातली मोठी बचत कशातून झाली? विटा आणि चुना गवंड्याच्या कमरेइतक्या उंचीवर राहतील अशी, भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परांची त्यांनी केली. प्रत्येक विटेसाठीचं वाकणं गेलं. असं सांगा आणि असं करा. ज्या बदलाने आपली पाठ वाचते त्याला कोणी विरोध करत नाही. ज्याने फक्त वरिष्ठांचा तक्ता सुंदर दिसतो त्याला विरोध होतो, आणि तो रास्त असतो.

माझ्या हातात अधिकारच नाहीत. मी काय बदलू शकते?

तुमच्याकडे काम ज्या रूपात येतं आणि तुमच्याकडून ज्या रूपात जातं, या दोन टोकांवर तुमचा पुष्कळ ताबा असतो. पुढच्या टेबलावरच्या माणसाला एकदा विचारा: "मी पाठवते त्यातलं काय तुम्हाला पुन्हा करावं लागतं?" मी हा प्रश्न विचारायला लावते तेव्हा दर वेळी काहीतरी निघतं. कोणी आकडे चित्राच्या रूपात पाठवत असतो आणि पलीकडचा ते हाताने टाइप करत असतो, कित्येक महिने, आणि दोघांपैकी कोणालाच ते माहीत नसतं.

वरिष्ठांकडे जायचं झालं तर तक्रार घेऊन जाऊ नका. वेळेच्या नोंदींचा तो कागद घेऊन जा.

वेळ वाचला की आणखी काम अंगावर येतं. मग वाचवायचा कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो खरा आहे. ज्याने युक्ती सुचवली त्यालाच दुसऱ्याचं काम चिकटवलं, किंवा त्याच्या शेजारची जागाच कमी केली, तर त्या कार्यालयात पुढची युक्ती कोणी सुचवणार नाही. आणि तसं करण्यात ते बरोबरच असतील.

म्हणून वाचलेल्या वेळेचं काय करायचं ते सुधारणेच्या आधी ठरवा आणि उघड सांगा. काही भाग वेळेवर घरी जायला. काही भाग शिकायला. काही भाग त्या सवडीसाठी, जिच्याबद्दल रांगेच्या प्रश्नात सांगितलं. सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, ही हमी ज्यांना देता येते त्यांनी ती द्यावी. ज्यांना देता येत नाही त्यांनी कर्मचाऱ्यांकडून सूचना मागू नयेत.

सुधारणा चार दिवस टिकते आणि गाडी मूळ पदावर येते. का?

नवी पद्धत फक्त ती सुरू करणाऱ्याच्या डोक्यात असते, म्हणून. एका पानावर लिहा, तारीख टाका, जिथे काम होतं तिथेच लावा. मग ज्याला ते काम माहीत नाही अशा माणसाच्या हातात पान द्या आणि तो ते करताना शेजारी उभे राहा, एक शब्दही न बोलता. तो जिथे थबकेल तिथे पान अपुरं आहे. तीन महिन्यांनी त्या पानाकडे पुन्हा बघायचं, ही नोंद आजच कॅलेंडरमध्ये टाका.

ज्यात वेळ वाचवूच नये अशी कामं असतात का?

असतात. नव्या माणसाला शिकवणं. चुकीची कबुली द्यायला आलेल्याचं ऐकणं. कोणत्याही नमुन्यात न बसणारं, पहिल्यांदाच समोर आलेलं प्रकरण. आणि त्रासलेल्या माणसाची तक्रार.

एका तक्रार कक्षात अधिकारी ऐकता ऐकता अर्ज टाइप करत असत, म्हणजे माणूस बोलतोय आणि यांची नजर स्क्रीनवर. तिथे आम्ही भेटीचा वेळ कमी केला नाही. नाव, पत्ता, जुना तक्रार क्रमांक हे सगळं माणूस बाहेर बसलेला असतानाच भरून घ्यायची सोय केली. आत आल्यावर अधिकाऱ्यांनी कीबोर्ड बाजूला सारायचा आणि आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात एक आजोबा बाहेर पडताना दारात थांबले आणि तिथल्या शिपायाला म्हणाले, "आज साहेबांनी माझ्याकडे बघून ऐकलं."